शाळेच्या गेटवरची हवा : जुलै ते फेब्रुवारीच्या नोंदी

२० जुलै २०२४, शनिवार

सामान आलं एकदाचं. दोन एसडीएस०११ म्हणजे धूळ मोजायचे लेझरवाले सेन्सर, आकडे वायफायवरून पाठवायला दोन नोडएमसीयू बोर्ड, तापमान आणि दमटपणासाठी दोन डीएचटी२२, चार्जर घरातलेच जुने. हे सगळं सुरू कशामुळे झालं तर पालकांच्या ग्रुपवरच्या भांडणामुळे. एक म्हणे डिझेलच्या स्कूलबस बंद करा, दुसरी म्हणे आधी तुमच्या ॲक्टिव्हा गेटला चिकटून उभ्या करणं बंद करा, तिसऱ्याने व्हॅनवाल्यांना मध्ये ओढलं, शेवटी कोणीतरी वैतागून लिहिलं की मोजा की मग, आणि मी "मोजते" असं टाइप करून मोकळी झाले. आता मोजणं आलं.

शाळा कर्वे रोडच्या आतल्या एका गल्लीत. गल्ली जेमतेम दोन गाड्यांची, एका बाजूला चार मजली बिल्डिंगा, दुसऱ्या बाजूला शाळेची भिंत, त्यामुळे धूर आला की तिथेच घुटमळतो. गर्दीच्या वेळा दोन, माध्यमिक ७:१५ ला आणि प्राथमिक ९ ला, कारण फेब्रुवारीत सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं. माझी लेक तिसरीत, म्हणजे आम्ही नऊवाले.

सेन्सर दोन घेतले ते मुद्दाम. एक गेटवर आणि एक शाळेच्या मागच्या मैदानाच्या भिंतीवर. एकाच्या आकड्यावरून कळणार नाही की ही घाण आपल्या गेटची आहे का अख्ख्या पुण्याची.

२५ जुलै, गुरुवार

शाळा बंद. रात्रभर कोसळला, खडकवासल्यातून पाणी सोडलंय, एकतानगरीत घरात पाणी शिरल्याचे व्हिडिओ येतायत. सेन्सर दोन्ही सध्या आमच्या बाल्कनीत चाचणीला आहेत आणि दुपारी पावसाने जरा उघडीप दिल्यावर बघते तर आकडे दिवाळीच्या रात्रीसारखे. हवा धुऊन निघालीये आणि हा म्हणतोय फटाके चालू आहेत.

डेटाशीट आता नीट वाचली (आधी वाचायला हवी होती, माहितीये). दमटपणा ७० टक्क्यांच्या वर गेला की हा सेन्सर भरवशाचा नाही. कण पाणी शोषून फुगतात आणि लेझरला ते मोठे दिसतात. पुण्यात जुलैत ७० च्या खाली कधी असतो?

११ ऑगस्ट, रविवार

दहा दिवस दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. "ख" हा "क" पेक्षा साधारण एक दशांश जास्त दाखवतो, कायम, म्हणजे त्याला भागून घेता येईल. हे केलं नसतं तर गेटवर प्रदूषण जास्त असा निष्कर्ष काढून मी मोकळी झाले असते आणि तो निघाला असता सेन्सरचा स्वभाव.

दमटपणाचं काही करता येत नाही. दोन सेन्सरमधला फरक बघितला तरी तो फरकसुद्धा फुगलेलाच येणार. खरं मोजमाप ऑक्टोबरनंतर, तोपर्यंत बसवून ठेवायचं आणि काय काय बिघडतं ते बघायचं.

डबी म्हणजे प्लंबिंगच्या दुकानातले दोन पीव्हीसी एल्बो एकमेकांत बसवून केलेला उलटा यू, तोंडं खाली, आत सेन्सर. ही आयडिया जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या लोकांची, त्यांनी २०१५ पासून घराघरात असे सेन्सर लावलेत. दुकानदाराने विचारलं कुठलं लीकेज आहे ताई.

२१ ऑगस्ट, बुधवार

बसवले. मुख्याध्यापिका बाईंनी परवानगी दिली, एका अटीवर, की आकडे आधी त्यांना दाखवायचे आणि मग ग्रुपवर टाकायचे. रास्त आहे. गेटवरचा सेन्सर मुलांच्या नाकाच्या उंचीवर हवा होता, साडेतीन-चार फूट, कारण सायलेन्सर खालीच ओकतो. पण तिथे लावला तर आठवडाभरात कोणीतरी त्यात खडू घालणार, म्हणून सहा फुटांवर तडजोड.

२९ ऑगस्ट, गुरुवार

चार दिवस रोज सकाळी ६:४० ते ७:४० डेटा नाही, नेमका तोच तास. वायफाय बघितलं, कोड बघितला, रात्री एक वाजेपर्यंत बसले. आज सकाळी प्रत्यक्ष जाऊन बघितलं तर वॉचमन मामा प्लग काढून मोबाइल चार्जिंगला लावतात. त्यांना मल्टिप्लग आणून दिला.

१८ सप्टेंबर, बुधवार

काल विसर्जन झालं. डेटा कामाचा नाही, दमटपणा ऐंशी-नव्वद. पण एक गोष्ट लिहून ठेवते. गल्लीत मंडळाचा मांडव होता, दहा दिवस गाडी गेटपर्यंत जाऊच शकत नव्हती, सगळ्यांनी कोपऱ्यावर गाड्या लावल्या आणि मुलांना हाताला धरून गेटपर्यंत नेलं. शंभर-सव्वाशे पावलं असतील. दहा दिवसांत एकही तक्रार नाही, उलट लेक म्हणाली रोज असंच जाऊया, आरती दिसते.

९ ऑक्टोबर, बुधवार

दोन-तीन दिवस कोरडे मिळाले. पहिले खरे आकडे. सकाळी सातला मागच्या मैदानावर पीएम २.५ (अडीच मायक्रॉनहून बारीक कण, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पन्नासच्या आसपास, गेटवर पंचावन्न-साठ. (मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, पुढे लिहीत नाही.) आपल्याकडची २४ तासांची मर्यादा ६०, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. कर्वे रोडच्या एमपीसीबीच्या (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ) हवा मोजणाऱ्या स्टेशनशी आलेखाचा आकार जुळतो, ते वर जातं तेव्हा आपलेही वर जातात, म्हणजे सेन्सर अगदीच वेडे नाहीत.

पण फरक एवढासाच? गेटवर उभं राहिलं तर डोळे चुरचुरतात आणि हा म्हणतो पाच-दहा.

१४ ऑक्टोबर, सोमवार

"थांबलात तर बंद करा" आठवडा सुरू. सहावीच्या मुलांनी कार्डं रंगवलीत, एका बाजूला चावीचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला "काका, इंजिन बंद". दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त थांबणार असाल तर बंद करून परत चालू करणं पेट्रोललाही स्वस्त, एवढं साधं सांगायचं.

व्हॅनवाले काका म्हणाले, "ताई, माझी सीएनजी आहे, हिला धूरच नाही, हात लावून बघा सायलेन्सरला." काळा पडत नाही हे खरंच आहे, सीएनजीत काजळी फार कमी. पण नायट्रोजनचे ऑक्साइड निघतातच, आणि पीयूसी काढताना ते मोजतच नाहीत, पेट्रोल-सीएनजीला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, डिझेलला नुसता धुराचा दाटपणा. काकांना हे सांगितलं तर म्हणाले मग मी काय करू, सर्टिफिकेट तर आहे. बरोबर आहे त्यांचं. तरी बंद केलं इंजिन, कारण कार्ड घेऊन आलेली मुलगी त्यांच्याच व्हॅनमधली होती.

सगळ्यात नडले ते कारवाले. एसी चालू असतो म्हणून.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

दोन आठवडे झाले. वहीत खुणा करून मोजलं, इंजिन चालू ठेवून थांबणाऱ्या गाड्या निम्म्याहून कमी झाल्या, हे डोळ्यांनी दिसतंय. आणि गेटवरचा पीएम २.५? तेवढाच. आधी पाच-दहा जास्त होता, आताही पाच-दहा जास्त. बाईंना आकडे दाखवले, त्या म्हणाल्या, "म्हणजे काहीच फरक पडला नाही?" मी म्हणाले अजून बघते. ज्याने "मोजा की" लिहिलं होतं त्याने ग्रुपवर एक हसरा चेहरा टाकला.

सोमवारपासून दिवाळीची सुट्टी. सेन्सर चालूच ठेवतेय.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

दोन गोष्टी कळल्या, एक सुट्टीमुळे आणि एक भावामुळे.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री दोन्ही सेन्सर तीनशेच्या वर. पण दोघांतला फरक शून्य. आणि आधीच्या तीन दिवसांत, शाळा बंद, फटाके अजून जोरात सुरू व्हायचे होते, तेव्हा सकाळी सातला दोन्हीकडे चाळीस-पन्नास आणि फरक परत शून्य. म्हणजे एरवी गेटवर जे साठ दिसतात त्यातले पन्नास शहराचे, कर्वे रोडचे, कुठेतरी जाळलेल्या कचऱ्याचे, बांधकामांचे, आणि आपल्या गेटचे फक्त वरचे पाच-दहा. आम्ही त्या पाच-दहामधले निम्मे कमी केले असतील तर दोन-तीनचा फरक पडणार आणि तेवढा तर या सेन्सरच्या चुकीतच बुडून जातो.

दुसरी गोष्ट. भाऊ ओवाळून झाल्यावर पान वाढेपर्यंत डेटाशीट वाचत बसला (हा असाच आहे) आणि म्हणाला, अगं याला ०.३ मायक्रॉनच्या खालचं दिसतच नाही. इंजिनातून ताजे निघणारे कण बहुतेक ०.१ मायक्रॉनच्याही खाली असतात, संख्येने प्रचंड आणि वजनाने नगण्य. लेझर त्यांच्यावरून असा जातो जसं काही तिथे कोणी नाहीच. म्हणजे मी दोन महिने ज्या यंत्राने धूर मोजत होते त्याला धूरच दिसत नाही, त्याला दिसते धूळ आणि शिळी झालेली हवा.

श्रीखंड गोड लागलं नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

शाळा सुरू. ओळखीतल्या एका प्राध्यापकांकडून हातात धरायचा कार्बन मोनॉक्साइड मीटर महिन्याच्या बोलीवर आणलाय. हा वायू का, तर त्याचा आकडा अचानक उंच गेला की तो बहुतेक जवळच्या इंजिनामुळेच असतो, आणि आमच्या गेटवर सत्तर टक्के दुचाक्या आहेत, पेट्रोलच्या. नायट्रोजन डायऑक्साइड जास्त चांगला ठरला असता पण त्याचा धड सेन्सर बजेटच्या बाहेर.

७:०५ ते ७:२०, गेटसमोर, कमरेच्या उंचीवर मीटर धरून उभी. एरवी १ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग). दुचाक्यांची रांग लागली की ६, ८, एकदा जुनी कार्ब्युरेटरवाली स्कूटर बाजूला थांबली तेव्हा १४. मागच्या मैदानावर ० किंवा १. हा फरक हवा होता मला! तासाची सरासरी काढली तर मर्यादेच्या आतच येते (४ मिलिग्रॅम म्हणजे साडेतीन पीपीएमच्या आसपास), आणि हे मी बाईंना स्पष्ट सांगितलं, उगाच घाबरवायचं नाही. पण मूल तासभर सरासरी श्वास घेत उभं राहत नाही, ते त्या पंधरा मिनिटांत तिथे असतं आणि कार्बन मोनॉक्साइडचा सुळका असतो तिथे बारीक कणांचाही असणारच.

बुधवारी मतदान, शाळा बंद.

२७ नोव्हेंबर, बुधवार

जुना डेटा मिनिटामिनिटाचा काढून बघत होते, तर ६:५० ला पीएम १० चा (दहा मायक्रॉनपर्यंतची धूळ) एक सुळका रोज, शनिवारीही, गाड्या यायच्या आधी. मी खात्रीने ठरवलं होतं की ही पहिली स्कूलबस. आज पावणेसातला जाऊन उभी राहिले. बस आली ७:०२ ला. ६:५० ला काय, तर मावशी खराट्याने गेटसमोरचं झाडतात. कोरडं. धुळीचा लोट उठतो आणि दहा मिनिटांत मुलं त्यातून आत येतात. हे स्वस्त सेन्सर मोठी धूळ खरं तर कमीच पकडतात, तरी एवढा सुळका, म्हणजे प्रत्यक्षात किती असेल.

मावशींशी बोलले. त्या म्हणाल्या संध्याकाळी झाडते की, मला काय, सकाळी झाडा असं मला सांगितलं म्हणून सकाळी. उद्यापासून संध्याकाळी पाणी शिंपडून.

अख्ख्या प्रकल्पातली सगळ्यात मोठी घट बहुतेक हीच असणार आणि तिचा ट्रॅफिकशी काडीचा संबंध नाही.

११ डिसेंबर, बुधवार

आज लक्ष्मी रोडवर पादचारी दिन, वाहनं बंद. ऑफिसातून लवकर निघून चक्कर मारली. हॉर्न नसल्यावर तिथे लोकांचं बोलणं ऐकू येतं, एक आजोबा रस्त्याच्या बरोब्बर मधून मजेत चालले होते. मीटर पर्समध्ये होता, सगळीकडे ०-१. बाजीराव रोडला बाहेर आले आणि सिग्नलला ५.

येताना मांडवाचे दहा दिवस आठवले. इंजिन बंद करा हे प्रत्येकाला रोज सांगावं लागतं. गाडी गेटपर्यंत येऊच दिली नाही तर सांगायलाच नको. रस्त्याच्या कडेपासून काही दहा मीटर लांब गेलं तरी ताजा धूर झपाट्याने विरळ होतो, आणि आपल्याकडे तर शंभर पावलांची गल्ली आहे.

१६ डिसेंबर, सोमवार

बाईंबरोबर मीटिंग. मी, दोन पालक, व्हॅनवाल्यांतर्फे काका. ठरलं ते असं. दुचाकी आणि कार कोपऱ्यावर, तिथून मुलं चालत, गल्लीत दोन पालक पिवळं जॅकेट घालून. बस आणि व्हॅन मागच्या गेटला, जे वर्षानुवर्षं कुलूपबंद आहे. बाईंचा प्रश्न, किल्ली कोणाकडे? कुलूप गंजलंय. काकांचा प्रश्न, मागचा रस्ता एका ठिकाणी खोदून ठेवलाय, व्हॅन टेकते. दोन्ही प्रश्न माझ्या आलेखांपेक्षा महत्त्वाचे निघाले. अपंग मुलं आणि आजारी मुलांच्या गाड्या गेटपर्यंत, त्यावर चर्चाच नाही.

६ जानेवारी २०२५, सोमवार

पहिला दिवस. अंधारच असतो, जानेवारीत सूर्य उगवतो सात वाजून गेल्यावर आणि माध्यमिकची घंटा ७:१५ ला. कोपऱ्यावर गोंधळ. एक साहेब काच खाली करून म्हणाले मी टॅक्स भरतो. मी म्हणाले मीही. मुलगा आधीच उतरून मित्राबरोबर चालायला लागला होता.

९ जानेवारी, गुरुवार

थंडी कडक. आज मागे आणि गेटवर दोन्हीकडे पीएम २.५ नव्वदच्या वर. थंड हवेचा थर खाली बसतो, वरची हवा ऊबदार, झाकण लावल्यासारखं, सगळा धूर त्याखाली. नऊला प्राथमिकची मुलं येतात तेव्हा ऊन चढून ते झाकण उचलायला लागलेलं असतं, रहदारी जास्त असूनही आकडा सातच्या मानाने खाली. शाळा नऊला भरवायचं कारण झोप होतं, हवेचा फायदा फुकटात.

कोणीतरी ग्रुपवर नव्वदचा स्क्रीनशॉट टाकून लिहिलं, बघा, तुमच्या प्रयोगाने वाढलं. म्हणून आता गेटवरचा आकडा टाकायचाच नाही, फक्त फरक टाकायचा.

१७ जानेवारी, शुक्रवार

दोन आठवड्यांचं. पीएम २.५ चा फरक, गेट वजा मैदान, आधी पाच-दहा, आता दोन-तीन. यावर मी पैज लावणार नाही. कार्बन मोनॉक्साइड, गेटसमोर, त्याच वेळेला, त्याच उंचीवर, दहा सकाळी उभं राहून : बहुतेक वेळ १, सगळ्यात वर ३, तोही एका बाइकवाल्याने जॅकेटवाल्याला चुकवून आत घुसवली तेव्हा. यावर लावेन. मीटर परत द्यायची मुदत संपून महिना झालाय, प्राध्यापकांना तिळगूळ पाठवलाय.

बाईंनी सांगितलं की मुलं वर्गात वेळेवर येतायत, कारण कोंडी नाही. हे मी मोजतच नव्हते.

३० जानेवारी, गुरुवार

मागच्या रस्त्याचा खड्डा. ज्यांनी खोदला ते म्हणतात बुजवणं आमच्याकडे नाही, ज्यांच्याकडे बुजवणं आहे ते म्हणतात आधी त्यांचं काम संपल्याचं पत्र आणा. तीन फेऱ्या झाल्या. तोपर्यंत प्रत्येक व्हॅनमागे लाल मातीचा ढग आणि मागचा सेन्सर, ज्याला मी "स्वच्छ" म्हणून धरलं होतं, तोच आता मळलाय. फरक उणे यायला लागला! कागदावर गेटची हवा मैदानापेक्षा चांगली. काकांनी स्वतःच दोन गोणी खडी आणून टाकली आणि वर पाणी मारलं.

मागचा सेन्सर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला हलवला. आधीचा आणि नंतरचा डेटा आता सरळ जोडता येणार नाही, तारीख इथे लिहून ठेवतेय म्हणजे पुढे मी स्वतःच फसणार नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईंनी पुढच्या वर्षीच्या डायरीत कोपऱ्याचा नियम छापायचं कबूल केलं. जॅकेटवाले पालक कमी पडतायत, आठ जण होते, आता पाच, त्यातला एक मी.

आज कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवाल्या दादांनी थांबवलं. म्हणाले, "ताई, तुम्ही गेटवरचं मोजता ते ठीक, पण त्या सगळ्या गाड्या आता माझ्या समोर थांबतात. माझ्याकडे किती येतंय?" मी सांगायला गेले की इथे रस्ता रुंद आहे, वारा आहे, गाड्या दहा सेकंदांच्या वर थांबत नाहीत, मुख्य रस्त्याचाच धूर इतका आहे की त्यात आमच्यामुळे फार भर पडत नसेल. सांगता सांगता लक्षात आलं की यातलं एकही मी मोजलेलं नाही. दादा दिवसाचे चौदा तास तिथे उभे असतात, आमची मुलं पाच मिनिटं.

प्राध्यापकांना फोन केला, मीटर अजून पंधरा दिवस. सोमवारी ६:४५ ला टपरीवर, स्टोव्हपासून लांब धरायचा, नाहीतर तोच मोजला जाईल.